सुदाम्याचे पोहे आणि शेजारचे आजोबा

आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २०

भगवंत सांगतात, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं दान सात्त्विक.

आमच्या मारुंजीत हे रोज आठवतं. हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या नोकऱ्यांमुळे अनेकांचे आई-वडील गाव सोडून इथे आलेत. मुलं ऑफिसात, हे दिवसभर फ्लॅटमध्ये. २००७ चा कायदा त्यांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकतो, अपत्य नसेल तर वारसांवर. शेजाऱ्यावर कसलीच सक्ती नाही. म्हणूनच त्याची सेवा सात्त्विक दानाच्या जवळ जाते.

पण एक प्रश्न उरतो. "मला काही नको" म्हणताना आपण समोरच्याला कायमचा घेणारा तर करत नाही ना?

भागवताच्या दशम स्कंधात सुदामा द्वारकेला येतो. कृष्ण आधी विचारतो, माझ्यासाठी काय आणलंस? सुदाम्याने लाजून लपवलेले पोहे तो स्वतः घेऊन खातो. नंतर भरभरून देतो, तेही न बोलता.

म्हणजे अपेक्षा सोडायची, स्वीकार नाही. ज्येष्ठ नागरिक संघ टिकतात तेही यामुळेच: तिथे ज्येष्ठच ज्येष्ठांसाठी राबतात, नुसते लाभार्थी नसतात.

आजचा संकल्प: आजोबांची औषधं आणून द्या, मोबाईलवर बिल भरून द्या. आणि आजींनी लाडू पुढे केला, तर "नको नको" म्हणू नका. मुलांना गणित शिकवतो म्हणाले, तर शिकवू द्या.

जय श्रीकृष्ण!