गोळीचे वजन, वेग आणि प्रमादाचा प्रश्न

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बिबट्याविषयीची चर्चा बहुधा मारावे की मारू नये या एकाच प्रश्नापाशी अडते, आणि मारण्याची परवानगी मिळाल्यावर कोणती गोळी, किती वेगाने, किती अंतरावरून झाडायची हा भाग नेमबाजांचा म्हणून सोडून दिला जातो. धर्मविचाराच्या दृष्टीने मात्र हिंसेचा बराचसा निवाडा या सोडून दिलेल्या भागातच होतो.

कुकडी आणि घोड नद्यांवरील धरणांच्या पाण्याने उसाचे क्षेत्र वाढले आणि बिबट्याला त्या फडांत बारमाही आडोसा मिळाला. पश्चिमेकडच्या महादेव कोळी वस्त्यांत वाघोबाची पूजा होते आणि पूर्वेकडच्या बागायती गावांत त्याच कुळातल्या जनावरासाठी पिंजरे लागतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 11 नुसार मानवी जीवितास धोकादायक ठरलेल्या बिबट्याला पकडणे, भूल देणे किंवा अन्यत्र हलवणे शक्य नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाली, तरच त्याला ठार मारण्याची परवानगी देता येते. जुन्नर वन विभागातीलच, पण शिरूर तालुक्यात मोडणाऱ्या पिंपरखेड परिसरात नोव्हेंबर 2025 मध्ये असा बिबट्या नेमबाजांच्या गोळीने मारला गेला.

गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम. .308 या प्रचलित मापाच्या रायफलीतून 150 ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे 860 मीटर वेगाने निघते, तर 168 ग्रेनची सुमारे 800 मीटरने. ऊर्जा वजनाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून येत असल्यामुळे नळीच्या तोंडाशी दोघींची ऊर्जा जवळजवळ सारखीच, म्हणजे साडेतीन हजार ज्यूलच्या आसपास भरते. फरक पडतो तो पुढे, कारण हलकी गोळी हवेच्या रोधाने वेग लवकर गमावते आणि लांबट, जड गोळी तो अधिक टिकवते, वाऱ्यानेही कमी ढळते; म्हणून लांब पल्ल्याचा नेमबाज सुरुवातीच्या वेगावर पाणी सोडून वजन पत्करतो. तथापि 168 ग्रेनच्या ज्या गोळ्या अचूकतेसाठी नावाजल्या आहेत त्यांतल्या पुष्कळशा कागदी लक्ष्यासाठी घडवलेल्या असतात आणि शरीरात शिरल्यावर त्या फुलतील की आरपार जातील याचा भरवसा नसतो, तर शिकारीची गोळी आत फुलून ऊर्जा तिथेच सोडण्यासाठी बनवतात. शिवाय चारशे मीटर जायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि तेवढ्यात चालता बिबट्या पाऊलभर सरकला की हृदयावर धरलेला नेम पोटात उतरतो. जखमी जनावर उसात शिरते, तिथे दृष्टी काही हातांपलीकडे पोचत नाही, आणि त्याचे हाल व माणसाचा धोका दोन्ही वाढतात. भुलीच्या डार्टलाही हाच हिशेब लागू आहे: वेग कमी पडला तर औषध नीट टोचले जात नाही, जास्त झाला तर सुई खोल रुतते किंवा हाड मोडते.

येथे एक जुना वाद उपयोगी पडतो. ज्या जुन्नरच्या डोंगरांत लेण्याद्री, तुळजा आणि मानमोडी येथे बौद्ध भिक्षूंसाठी लेणी कोरली गेली, त्यांच्या परंपरेतील मज्झिमनिकायात उपालिसुत्त आहे. त्यात निर्ग्रंथ म्हणजे जैन पक्ष शरीराने घडलेल्या कृतीला सर्वांत दोषास्पद मानतो, तर बुद्ध मनाच्या कृतीला. गाव वाचवण्याचा हेतू शुद्ध असेल तर बौद्ध मताने नेमबाजाचा दोष हलका होईल असे वाटते, पण चुकीच्या गोळीने तासन्‌तास तडफडणाऱ्या जनावराला त्या हेतूचा काहीच लाभ होत नाही. या जागी उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राची व्याख्या अधिक कसाची ठरते, कारण ती प्राणहरणाला प्रमादाची, म्हणजे असावध व बेफिकीर वर्तनाची, जोड देऊन हिंसा ठरवते. अंतर न मोजता, वारा न पाहता, हाताशी आली ती गोळी भरून मारलेला बार नेमका बसला तरी तो प्रमादच होय. योगायोगाने आलेले यश त्याला धुऊन काढत नाही.

गांधीजींनी 1926 मध्ये अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने मारवलेल्या सुमारे साठ भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत, आणि 1928 मध्ये साबरमती आश्रमातील असाध्य वासराच्या बाबतीत, मारण्याचे समर्थन केले व अहिंसावाद्यांचा रोष ओढवून घेतला. दोन्ही ठिकाणी मारायचा जीव समोर होता, त्याच्या ओळखीचा प्रश्न नव्हता. उसाच्या फडातून बाहेर आलेला बिबट्या हाच माणसे मारणारा आहे याची खात्री मात्र कोणतेही वजन वा वेग देत नाही. ती ठसे, कॅमेऱ्यातील छायाचित्रे आणि लाळेची तपासणी यांतून मिळवावी लागते, आणि ती नसताना साधलेली अचूकता निर्दोष जनावराचा अचूक वध एवढीच असू शकते.

म्हणून ठार मारण्याच्या लेखी आदेशात परवानगीबरोबरच कमाल अंतर, शिकारीसाठी घडवलेल्या गोळीची अट, गोळीच्या रेषेत मागे वस्ती नसल्याची खातरजमा आणि जखमी जनावराचा माग काढण्याची जबाबदारी कोणाची, हेही स्पष्ट लिहिलेले असावे, आणि ग्रामसभांनी तशी मागणी करावी.