न्याहारीचा नियम

जर्मन तत्त्ववेत्ते कांट (१७२४–१८०४) ह्यांस त्यांचा नोकर लांपे रोज पहाटे ५ वाजता उठवीत असे. मग पातळ चहा व एक चिलीम तंबाखू घेऊन ते अध्ययनास लागत. हा नियम आम्ही वाखाणतो. परंतु धन्यास उठविणारा त्याच्याही आधी उठत असला पाहिजे, हे आमच्या ध्यानात येत नाही. आमच्या घरीही न्याहारीची भाकर वेळेवर व ऊनऊनच पाहिजे, असा आमचा कटाक्ष असतो. ती थापणारी मात्र चुलीपुढे उपाशीच असते. नियम वाईट नव्हे. पण त्याचा भार जो स्वतः वाहतो, त्यालाच तो शोभतो. दुसऱ्यावर भार टाकिला की त्याचा हट्ट होतो. ह्यास्तव उद्या पानावर बसण्यापूर्वी, “तू काही खाल्लेस काय?” इतके तरी आपण विचारू या.