भीती कुठे जाऊन थांबते?



गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत आपल्या युवक मंडळाने पॅरिश हॉलमध्ये मुलांना सिनेमा दाखवला. भिंतीला पांढरी चादर, उसना आणलेला प्रोजेक्टर आणि खाली ताडपत्री. लांबच्या पाड्यांवरूनही मुले आली. चित्रपट होता २००२ सालचा 'मकडी'. युवकांनी आम्हाला विचारले, तेव्हा तो आम्हीच सुचवला होता. दिग्दर्शक म्हणून विशाल भारद्वाज यांचा तो पहिला चित्रपट, मुलांसाठीच काढलेला. शबाना आझमी यांनी त्यात चुडेलीचे काम केले आहे.

पुढच्या आठवड्यात दोन गोष्टी आमच्या कानावर आल्या. पहिलीतला एक मुलगा रात्री लघवीला घराबाहेर जाईना. आईने हात धरला तरी तो दारातच रडे. दुसरी गोष्ट धर्मशिक्षणाच्या वर्गातली. दुसरीतल्या एका मुलीने सिस्टरांना विचारले, "सिस्टर, आमच्या पाड्यावरची ती डोकरी पण तशीच हाय का?"

पहिल्या गोष्टीने आम्हाला वाईट वाटले. दुसऱ्या गोष्टीने झोप उडाली. यंदाच्या नाताळासाठी मंडळाने पुन्हा यादी आणली आहे. ती मंजूर करण्याआधी हा प्रश्न आपण सर्वांनी मिळून विचारात घ्यावा असे वाटते. मुलांसाठी म्हणून काढलेला, पण भीती घालणारा चित्रपट लहानांना दाखवावा की नाही? आणि हे कोणी ठरवायचे?

आधी आमची चूक सांगतो. 'मकडी'च्या गोष्टीत गावाबाहेर एक पडका वाडा आहे. आत जाणाऱ्याला तिथली चुडेल जनावर करून टाकते असा गावाचा समज. चुन्नी आणि मुन्नी या जुळ्या बहिणी. मुन्नी वाड्यात जाते आणि तिची कोंबडी झाली असे चुन्नीला दाखवले जाते. बहीण परत हवी असेल तर शंभर कोंबड्या आण, असे चुडेल सांगते. शेवटी कळते की चुडेल वगैरे काही नव्हते. गाडलेल्या धनासाठी लोकांना घाबरवून दूर ठेवणारी ती एक लबाड बाई होती. म्हणजे हा चित्रपट अंधश्रद्धेची भीती काढणारा आहे. म्हणूनच आम्ही तो निवडला.

पण तो रडणारा मुलगा शेवटपर्यंत बसलाच नव्हता. मध्येच रडायला लागला म्हणून मोठ्या भावाने प्रेमाने उचलून घरी नेले. त्याने चुडेल पाहिली, तिचा मुखवटा उतरलेला पाहिला नाही. त्याच्यापुरता तो चित्रपट अजून संपलेला नाही. औषधाचा अर्धा डोस घेऊन घरी गेल्यासारखे झाले, आणि अर्धाही नेमका कडू तेवढाच.

आता कोणी म्हणेल, फादर, यासाठी सरकारी प्रमाणपत्र असते ना? असते. पूर्वी 'यूए' असे लिहिलेले असले की बारा वर्षांखालील मुलांच्या पालकांनी जपून दाखवावे असा त्याचा अर्थ होता. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि आता 'यूए'चेच सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग झाले आहेत. ही चांगली गोष्ट आहे, प्रत्येकाने ते अक्षर आणि आकडा पाहावा. परंतु नीट वाचले तर लक्षात येईल की 'ए' सोडले तर कायदा मुलाला दारात अडवत नाही. तो पालकांना म्हणतो, तुम्ही ठरवा. निर्णय फिरून आपल्याच घरी येतो.

आणि तो घरीच यायला हवा. प्रमाणपत्र देणाऱ्यांना आपली मुले माहीत नाहीत. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले, ते आठवा. त्या थंडीत कितीतरी कुटुंबे रात्री घराबाहेर तंबूत झोपली, शाळेचे वर्ग उघड्यावर भरले. त्या वेळी जी मुले पाच-सहा वर्षांची होती, त्यांना भुताच्या सिनेमाचे काही वाटणार नाही कदाचित. पण पडद्यावर हलणारे घर पाहून त्यांच्या पोटात गोळा येईल. मुंबईतल्या मुलाला तोच प्रसंग गंमत वाटेल. वय एकच, चित्रपट एकच, भीती मात्र निराळी.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जोअॅन कँटर या बाईंनी मुलांच्या अशा भीतीचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांच्या सांगण्याचा सारांश असा: शाळेत जाण्याआधीच्या वयातली मुले दिसण्याला भितात. चांगला माणूस डोळ्यांदेखत राक्षसासारखा झाला की ती घाबरतात, मग तो पुढे कितीही भले काम करो. आठ-नऊ वर्षांनंतरची मुले खरोखर घडू शकेल अशा गोष्टीला अधिक भितात. दुसरी गोष्ट अशी, की 'अरे, ते खोटे असते' हे समजावणे मोठ्या मुलाच्या उपयोगी पडते, लहानाच्या फारसे पडत नाही. त्याला मांडी लागते, पाण्याचा पेला लागतो, कोणाचा तरी हात लागतो. 'मकडी'च्या शेवटी जो उलगडा होतो, तो समजायला जे वय लागते ते त्या पहिलीतल्या मुलाचे नव्हतेच. शेवटपर्यंत बसला असता तरी कदाचित तो घाबरलाच असता.

यावर जुनी मंडळी म्हणतील, "आम्ही भुताखेतांच्या गोष्टी ऐकूनच वाढलो, आमचे काय बिघडले?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आजी चुलीजवळ गोष्ट सांगते, तेव्हा तिचे अर्धे लक्ष नातवाच्या तोंडाकडे असते. तो जवळ सरकला की ती भुताला नदीपलीकडे पाठवते. पेंगला की गोष्ट आटोपते. पडदा मुलाच्या तोंडाकडे पाहत नाही, तो आपल्या गतीने पुढे जातो. शेजारच्या जव्हार-मोखाड्यात बोहाडा होतो. रात्रभर मशालींच्या उजेडात देव आणि राक्षसांचे मोठमोठे मुखवटे नाचतात. मुले किंचाळतात, आयांच्या पदरात शिरतात. पण सकाळी तोच मुखवटा बाजूला ठेवून घाम पुसणारा काका त्यांना दिसतो. १९९३ सालच्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचू आज पालक झालेल्या कित्येकांच्या स्वप्नात आला असेल. तो बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा. ज्या मुलाने बाहुल्यामागचा हात पाहिला, त्याची भीती गंमतीत बदलली.

तेव्हा भीतीच नको असे आम्ही म्हणत नाही. ॲरिस्टॉटलने धैर्याविषयी सांगितले ते आम्हाला पटते: ज्याला कशाचीच भीती वाटत नाही तो शूर नव्हे. ज्याची भीती बाळगावी त्याचीच, योग्य वेळी आणि योग्य तेवढी भीती बाळगतो तो शूर. हे पुस्तकातून शिकता येत नाही. थोडे घाबरून, कोणाचा तरी हात धरून, त्यातून बाहेर पडूनच शिकावे लागते. आपण मुलांना दावीद आणि गल्याथची गोष्ट सांगतो, दानिएलला सिंहांच्या गुहेत टाकले ते सांगतो. त्यातून सिंह काढून टाकला तर गोष्टीत उरेल काय? पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ साली कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रात पालकांना बजावले की मुलावर सतत पहारा ठेवणे म्हणजे त्याला घडवणे नव्हे.

मग कसोटी कोणती? इथे प्लेटो आमच्या मदतीला आला. 'रिपब्लिक'मध्ये तो म्हणतो की देव परक्यांची रूपे घेऊन रात्री हिंडतात अशा गोष्टी सांगून आयांनी मुलांना घाबरवू नये. का? त्याने दोन कारणे एकत्र दिली आहेत. मुले भित्री होतात हे एक. आणि ज्याच्याविषयी गोष्ट सांगितली त्याची बदनामी होते हे दुसरे. आपण पालक पहिल्याच कारणाची काळजी करतो. मूल दचकेल का, अंथरूण ओले करेल का, एवढेच पाहतो. दुसरे कारण आमच्या ध्यानात त्या मुलीच्या प्रश्नाने आले.

शहरात चुडेल ही सिनेमातली वस्तू आहे. आपल्याकडे तसे नाही. कोणाची गाय मेली, कोणाचे लेकरू तापाने फणफणले, की आजही एखाद्या पाड्यावर कुजबुज होते, 'ती भुताळी आहे.' आणि ती बहुधा एकटी, म्हातारी, विधवा असते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा ठपका ठेवून कोणाला छळणे हा गुन्हा ठरवला आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आहे. पण कायदा कुजबुजीपर्यंत पोहोचत नाही. शहरातले मूल सिनेमा पाहून घरी गेले की भीती त्याच्या अंथरुणाशी थांबते. आपल्या मुलीची भीती रस्ताभर चालत गेली आणि एका जिवंत बाईच्या दाराशी जाऊन बसली. त्या बाईने तर सिनेमा पाहिलाही नव्हता.

भीती अशी वाऱ्यावर सोडली की काय होते हे आपल्या तालुक्याला नव्याने सांगायला नको. १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचले येथे मुले पळवणारे, चोर आल्याच्या अफवेतून जमाव जमला आणि दोन साधू व त्यांचा चालक अशा तीन निरपराध माणसांना जीव गमवावा लागला. त्या जमावाला कोणी सिनेमा दाखवला नव्हता. आणि सिनेमातून खून होतात असे म्हणण्याचा मूर्खपणा आम्ही करणार नाही. एवढेच म्हणतो की जी भीती कोणी तपासून पाहत नाही, ती चेहरा शोधत फिरते. अंधारात परका दिसला की परक्याचा, नाही तर शेजारणीचा. लहान मुलाला आपली भीती तपासायला शिकवणे हे म्हणून केवळ त्याच्या झोपेसाठी नसते. ते शेजारणीसाठीही असते.

आणखी एक कबुली द्यायची आहे. २००४ साली 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' आला. अमेरिकेत तो सतरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांच्या सोबतीशिवाय पाहता येत नव्हता. आम्ही तेव्हा सेमिनरीचे विद्यार्थी. एका गावात उपवासकाळात तो दाखवताना आम्ही लहान मुलांना हौसेने पुढे बसवले. विषय पवित्र आहे ना, मग काय बिघडते, असे आम्हाला वाटले. फटक्यांच्या प्रसंगाला एका मुलाने डोळे झाकून घेतले, तेव्हा आम्ही त्याचे हात खाली केले. ते हात आजही आठवतात. विषय पवित्र असला म्हणून मुलाचे वय वाढत नाही. आणि ज्यांनी त्या दुःखाला कारण झालेल्यांचे चेहरे पाहिले, ती मुले कोणाविषयी काय मनात घेऊन घरी गेली, हे आम्ही विचारलेही नाही.

तेव्हा घरातल्या मोबाईलवर असो वा हॉलमधल्या चादरीवर, आपण पालकांनी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात असे सुचवतो. माझ्या या मुलाला, याच मुलाला, आधीच कशाची भीती आहे? मी शेवटपर्यंत त्याच्या शेजारी बसणार आहे का? आणि चित्रपट संपल्यावर ही भीती कोणाच्या दाराशी जाऊन थांबेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे चुकली तर आपले मूल चार रात्री जागेल. तिसरे चुकले तर किंमत दुसराच कोणी मोजेल. म्हणून मूल न घाबरता हसत घरी आले तरी तिसरा प्रश्न विचारावाच लागतो.

यंदाच्या नाताळासाठी आम्ही असे ठरवले आहे. दहा वर्षांखालील मुलांचा कार्यक्रम दुपारी, उजेडात, निराळा. मोठ्या मुलांचा चित्रपट संध्याकाळी, पण किमान निम्म्या पालकांनी सोबत बसायचे. आधी युवक मंडळ मुलांना मुखवटा, रंग आणि आवाज कसे करतात ते दाखवील. कोणी मूल मध्येच घरी गेले, तर नेणाऱ्याने गोष्टीचा शेवट त्याला त्याच रात्री सांगायचा. नंतर अर्धा तास बोलणे. यात काही बदल सुचत असतील, तर पुढच्या रविवारी मिस्सानंतर हॉलमध्ये पालकांची बैठक आहे, तिथे जरूर सांगावेत.

राहिली त्या मुलीची गोष्ट. सिस्टर तिच्या वर्गातल्या मुलांना घेऊन त्या डोकरीकडे गेल्या. सोबत थोडा फराळ होता. मुलांनी अंगण झाडले, हंडा भरून दिला. डोकरीने प्रत्येकाला नाव विचारले. ती मुलगी मात्र अंगणाबाहेर कुंपणाशीच उभी राहिली. आत या म्हणून कोणी तिला ओढले नाही. परत निघताना तिने विचारले, "सिस्टर, आपण परत कधी यायचं?"

तुमचे धर्मगुरू