शहाडपाशी, नदीकाठी

शहाडला उल्हास नदीच्या काठाशी बसा.

घाई नाही. खांदे सैल सोडा. श्वास आपला आपण येतोय, जातोय.

समोर पाणी आहे. नुसतं बघा.

जवळच मोहन्याचा बंधारा आहे, म्हणून नदी इथे थबकते. वरवर हलत नाहीसं वाटतं. जरा थांबा. एक काडी शोधा आणि तिच्यावर नजर ठेवा. काडी सरकते आहे.

एक श्वास.

आता पाण्याच्या मागे मागे, वर चला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, नेरळ, कर्जत. प्रत्येक गावाशी क्षणभर रेंगाळा.

भिवपुरीला थोडं जास्त थांबा. इथे मावळातलं पाणी घाट उतरून येतं. आंध्रा नदीचं हे पाणी खरं तर पूर्वेला, भीमेकडे जाणारं. १९२२ सालापासून ते टाटांच्या वीजघरातली चक्रं फिरवून या बाजूला उतरतं आणि उल्हासला मिळतं. भर उन्हाळ्यातही नदी वाहती राहते, ती बरीचशी या पाण्यावर.

ऐका. वैशाखात वाहणारं पाणी.

परत शहाडला या.

इथे पंप पाणी उचलतात. टेमघरला ते शुद्ध होतं. तिथून ठाणे, भिवंडी, मिरा-भाईंदर आणि भोवतालची काही गावं. तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद, चौघांची मिळून एकच कंपनी: स्टेम. बाकी कशात एकमत होवो न होवो, या एका जलवाहिनीवर चौघांचा हात आहे. दुरुस्तीसाठी शटडाऊन घेतला की ठाण्यातल्या आणि भाईंदरमधल्या अनोळखी घरांत एकाच दिवशी बादल्या भरून ठेवल्या जातात.

त्या घरांतला कुणी एक मनात आणा. चेहरा दिसला नाही तरी चालेल. नळाखाली धरलेला हात दिसू दे.

श्वास घ्या. सोडा.

आता काठालगतची जलपर्णी बघा. एकच पान निवडा. गोल, तुकतुकीत. देठ फुगलेला, आत हवा. पाण्याखाली मुळांचा काळसर झुपका.

सुंदर आहे. सांडपाण्यातल्या नत्रावर आणि स्फुरदावर ती माजते.

नजर वळवू नका. राग आला तर येऊ दे, तोही श्वासाबरोबर थोडा वेळ बसू दे.

हे सांडपाणी वरच्या वस्त्यांमधून नाल्यांनी आलं. आणि इथूनच खालच्या शहरांसाठी पाणी उचललं जातं. पाणी वाटून घ्यायला चौघं एकत्र आले, ही मोठीच गोष्ट आहे. नदी राखायला मात्र कर्जतपासून कल्याणपर्यंत सगळ्यांना एका पंगतीत बसावं लागेल. ते अजून व्हायचं आहे. मला त्याची आस लागून राहिली आहे.

तुम्हीही त्या आसेजवळ जरा बसा.

मग स्वतःला हळूच विचारा: माझ्या नळाला कुठल्या नदीचं पाणी येतं? माझ्या वरच्या अंगाला कोणतं गाव आहे? माझ्या मोरीतलं पाणी कुठल्या नाल्याला लागतं, आणि खाली ते कोण उचलतं?

उत्तर लगेच सुचलं नाही तर राहू दे. त्या खालच्या गावाचं नाव मिळेपर्यंत प्रश्न सोबत असू दे.