म्हैसूरची वज्रमुष्टी

विजयादशमीच्या सकाळी म्हैसूरच्या राजवाड्याच्या आतल्या चौकात जेट्टी मल्लांच्या दोन जोड्या लागतात. डोक्याचा चकोट, कमरेला लंगोट आणि उजव्या मुठीत वज्रमुष्टी. बोटांच्या पेरांवर बसणारे हे दातेरी हत्यार पूर्वी हस्तिदंताचे असे, आता ते शिंगाचेही असते. डावा हात मोकळा असतो. त्याने वार अडवायचा, समोरच्याला धरायचे. कोणा एकाच्या डोक्यातून रक्त आले की पंच जोड सोडवतात. सारा मामला मिनिटभराचा, पुष्कळदा त्याहूनही कमी. त्यानंतरच राजघराण्याचे वारस शमीपूजेला निघतात. मराठी मुलखात अनेक ठिकाणी खंडेनवमीला बोकड पडे. म्हैसुरात दसऱ्याचा मान माणसाच्या थेंबभर रक्ताला आहे.

जेट्टी आपले मूळ गुजरातेत सांगतात. निंबजा देवी हे त्यांचे दैवत, आणि मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांशी नाते सांगणारे मल्लपुराण हा या परंपरेचा ग्रंथ. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासातही मल्लांच्या प्रतवारीत ज्येष्ठिक आहेतच. विजयनगरला आलेला पोर्तुगीज व्यापारी नुनीझ महानवमीच्या कुस्त्यांचे वर्णन करताना हातातल्या टोकदार कड्यांचा उल्लेख करतो. जास्त जखमी झालेला मल्ल राजाकडून रेशमी वस्त्र घेऊन जाई, असेही तो नोंदवतो. हरल्याला वस्त्र मिळते ही बाब सूचक आहे. दरबाराला कुस्ती निकाली होण्यापेक्षा रक्ताचे महत्त्व अधिक होते.

विजयनगरचा हा उत्सव म्हैसूरच्या राजा वाडियारांनी १६१० मध्ये श्रीरंगपट्टणला उचलला. पुढे टिपूच्या काळातही जेट्टी टिकून होते. त्याच्या कैदेतला इंग्रज खलाशी जेम्स स्करी याने त्यांची झुंज पाहिली: अंगाला तेल, गळ्यात फुलांचे हार, आणि इशारा होताच आधी ती फुले एकमेकांच्या तोंडावर फेकायची, मग वाराची संधी शोधायची. त्याच्या वर्णनातले हत्यार मात्र पोलादी नख्यांचे आहे. कैद्यांना देहदंड देण्याचे कामही याच जेट्टींकडे होते. राजाश्रयाची ही बाजू उत्सवाच्या माहितीपत्रकात सापडायची नाही.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण बडोद्याचे. १८६०च्या दशकात खंडेराव गायकवाडांच्या दरबारी गेलेला फ्रेंच प्रवासी लुई रूसले याने शिंगाच्या नख्या बांधून होणाऱ्या लढती पाहिल्या. मल्ल भांग-अफूच्या अमलात असत, आणि प्रकरण जिवावरही बेते. तिथली ही प्रथा पुढे बंद पडली. म्हैसुरात मात्र ती सौम्य होऊन राहिली.

कंबोडियातल्या जुन्या युद्धकलांची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने गेली. अंकोरच्या भित्तिशिल्पांत दिसणारी द्वंद्वे जिचा पुरावा मानली जातात ती बोकाटोर ही युद्धकला १९७५ ते १९७९ या ख्मेर रूज राजवटीत जवळपास पुसली गेली. उरलेल्या गुरूंनी ती पुन्हा उभी केली आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या यादीत तिची नोंद झाली. ठोसे, लाथा, कोपर आणि गुडघे यांचे कुन ख्मेर तर केव्हाच रिंगणात गेले होते: हातमोजे, तीन मिनिटांच्या फेऱ्या, गुण. २०२३च्या आग्नेय आशियाई स्पर्धेत यजमान कंबोडियाने थायलंडच्या मुए थाईऐवजी हेच नाव लावले, तेव्हा थायलंडने त्या प्रकारात खेळाडू पाठवले नाहीत.

वज्रमुष्टीवरून असे भांडण होणे शक्य नाही, कारण तिचा खेळ झालाच नाही. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले, सार्वजनिक दसरा सरकारकडे गेला, अंबारीत राजाऐवजी चामुंडेश्वरी बसली. वज्रमुष्टी राजघराण्याच्या खासगी विधींत राहिली. म्हैसूर, बंगळूर, चामराजनगर, चन्नपट्टण इथल्या जेट्टी घराण्यांतून मल्ल येतात आणि दसऱ्याआधी तालीम करतात. ना वजनगट, ना चषक. या आडोशामुळेच ती वाचली. पण पहिल्या थेंबाला थांबणाऱ्या झुंजीत धरपकड, पाडाव, जमिनीवरचे डाव यांची कसोटी लागतच नाही, आणि वर्षातून एकदाच खरी जोड लागणाऱ्या मल्लाला ते डाव घोटवून घेण्याचे कारणही उरत नाही.