अभियोक्ता आणि अभिरक्षक

'सरकारी वकील' हे शब्द उच्चारले की आमच्याकडे एकच मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते: आरोपीकडे बोट दाखविणाऱ्या वकिलाची. ज्याच्याकडे बोट दाखविले जात आहे त्याच्या शेजारचा वकीलही सरकारच्याच तिजोरीतून पोसला जावा, ही कल्पना आमच्या लोकांच्या अद्याप अंगवळणी पडलेली नाही. परंतु ती आता केवळ कल्पना राहिलेली नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये जी योजना आखली तिच्या अन्वये देशातील अनेक जिल्ह्यांत आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकिलांची कार्यालये निघाली, आणि महाराष्ट्रात या वकिलांस 'लोक अभिरक्षक' असे भारदस्त नाव मिळाले. एकाच धन्याचे दोन चाकर, आणि दोघांनी भर न्यायालयात एकमेकांविरुद्ध उभे राहावयाचे, असा हा प्रकार आहे. धन्याने या दोघांस सारखे अधिकार दिले आहेत काय, आणि नसल्यास ती विषमता न्याय्य आहे काय, हा प्रश्न वरकरणी कायद्याचा दिसला तरी मूलतः नीतीचा आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

या कामी अमेरिकेकडे पाहणे इष्ट, कारण ही जोडी त्या देशात शंभराहून अधिक वर्षे नांदत आहे. सरकार जसा अभियोक्ता नेमते तसाच त्याने अभिरक्षकही नेमावा, अशी मागणी क्लारा फोल्ट्झ या वकीलबाईंनी १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या प्रसंगी केली. (स्वामी विवेकानंदांनी ज्या शहरी व ज्या वर्षी धर्मपरिषद गाजविली तेच हे शहर व तेच वर्ष, पण या बाईंचे नाव आमच्याकडे कोणाच्या कानी आले नाही.) १९१४ मध्ये लॉस एंजेलिस परगण्यात असे पहिले कार्यालय उघडले. पुढे क्लॅरेन्स गिडियन या निर्धन कैद्याने तुरुंगातून पेन्सिलीने लिहून पाठविलेल्या अर्जावरून तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये एकमताने ठरविले की, गंभीर गुन्ह्याच्या आरोपीस ऐपत नसेल तर राज्याने त्यास वकील दिलाच पाहिजे. गिडियनचा खटला वकिलासह फिरून चालला, तेव्हा तो निर्दोष सुटला. हा निर्णय देणाऱ्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश अर्ल वॉरन हे स्वतः एके काळचे अभियोक्ते होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

अभियोक्त्याचा अधिकार केवढा, हे व्याख्येपेक्षा एका खटल्यावरून अधिक चांगले कळेल. केंटकी राज्यात पॉल हेज नावाच्या इसमावर ८८ डॉलर ३० सेंटचा बनावट चेक चालविल्याचा आरोप होता. या अपराधास शिक्षा दोन ते दहा वर्षांची. अभियोक्त्याने त्यास कळविले की, अपराध कबूल करशील तर पाच वर्षांची शिफारस करतो; न करशील तर तुझे पूर्वीचे दोन गुन्हे जमेस धरून सराईत गुन्हेगारांच्या कायद्याखाली नवा आरोप ठेवतो. त्या कायद्यात जन्मठेपेवाचून दुसरी शिक्षाच नव्हती. हेजने कबुली नाकारली. नवा आरोप आला, दोष शाबीत झाला, जन्मठेप झाली. आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की, अभियोक्त्याचे हे वर्तन घटनेच्या विरुद्ध नाही. येथे अपराध तोच होता, पुरावा तोच होता, माणूसही तोच होता. पाच वर्षे आणि सारा जन्म यांमधील अंतर न्यायाधीशाने ठरविले नाही, पंचांनीही नाही. ते अभियोक्त्याने आपल्या कचेरीत ठरविले. हेजच्या वकिलाजवळ त्या घटकेस काय होते? फक्त सल्ला.

हा प्रसंग विरळा आहे असेही म्हणता येत नाही. त्याच न्यायालयाने २०१२ मध्ये नमूद केले की, संघराज्याच्या न्यायालयांतील शंभरांपैकी ९७ व घटक राज्यांतील ९४ दोषसिद्धी कबुलीवरच होतात. म्हणजे न्यायासन बहुतेक वेळा, आधीच झालेल्या सौद्यावर शिक्का मारण्यापुरते उरते. रॉबर्ट जॅक्सन हे १९४० मध्ये त्या देशाचे अ‍ॅटर्नी जनरल असताना आपल्याच हाताखालील अभियोक्त्यांस म्हणाले होते की, माणसाचे जीवित, स्वातंत्र्य आणि लौकिक यांवर अभियोक्त्याइतकी सत्ता अमेरिकेत दुसऱ्या कोणाचीही नाही. हे शत्रूचे शब्द नव्हेत, घरच्याच वडीलधाऱ्याचे आहेत.

या सत्तेचे मर्म आमच्या मते आरोप ठेवण्यात नसून, तो न ठेवण्यात आहे. शिक्षा देववू शकणारे हात पुष्कळ असतात. कोणास न विचारता सोडून देऊ शकणारा हात एकच. अभिरक्षकास हे भाग्य नाही. त्यास अशील निवडता येत नाही, अपराध किळसवाणा आहे म्हणून टाळता येत नाही, आणि खटला पोकळ आहे असे दिसले तरी तो बंद करता येत नाही. त्याच्यावरील बंधन कायद्यापेक्षाही कामाच्या बोज्याचे असते. १९७३ मध्ये तेथील एका राष्ट्रीय आयोगाने एका वकिलाने वर्षास १५० गंभीर खटल्यांहून अधिक घेऊ नयेत असे सुचविले. म्हणजे सुट्ट्या वजा जाता एका खटल्यास दोन दिवसही मिळावयाचे नाहीत. आणि ही झाली कमाल मर्यादा, जी पुष्कळ ठिकाणी पाळली जात नाही.

तथापि अभिरक्षकाजवळ एक वस्तू अशी आहे की जिचा अभियोक्त्यास हेवा वाटावा. त्यास एकाच बाजूचे असण्याची मोकळीक आहे. अशिलाने विश्वासाने सांगितलेले गुपित त्याने न्यायालयापासून राखून ठेवले तर तो दोष ठरत नाही, कर्तव्य ठरते. अभियोक्त्याने मात्र आरोपीस उपकारक असा पुरावा दडविता कामा नये, असे १९६३ मध्येच ठरले आहे. आणि खटला जिंकणे हे त्याचे काम नसून न्याय होईल असे पाहणे हे त्याचे काम आहे, हे तर त्या न्यायालयाने १९३५ पासून सांगितले आहे. याचा अर्थ असा की संशयाचे ओझे अभियोक्त्याने एकट्याने वाहावयाचे. रात्री झोप उडावयाची असेल तर ती त्याची उडावी.

पण ती उडाली नाही तर काय? खरी अडचण येथेच आहे. जॉन थॉम्पसन याची हकीकत पाहा. न्यू ऑर्लिन्स येथे १९८५ मध्ये त्यास आधी दरोड्याच्या व मग खुनाच्या आरोपावरून शिक्षा झाली. दरोडेखोराचे रक्त एका कापडावर पडलेले होते. प्रयोगशाळेने त्याचा गट 'बी' असल्याचे लिहून दिले होते. थॉम्पसनचा गट 'ओ'. हा कागद बचाव पक्षास दाखविण्यात आला नाही. फाशीचा दिवस काही आठवड्यांवर आला असता, १९९९ मध्ये, तो सापडला. तोवर अठरा वर्षांच्या एकूण कारावासापैकी चौदा वर्षे त्याने फाशीच्या कोठडीत काढावयाची ठरली होती. सुटल्यावर त्याने अभियोक्त्याच्या कचेरीवर दावा लावला. पंचांनी १ कोटी ४० लाख डॉलर भरपाई दिली. आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द केली. कचेरीवरच दावा का, अभियोक्त्यावर व्यक्तिशः का नाही, असे कोणी विचारील. तर १९७६ पासून तेथे असा नियम आहे की, खटला चालविताना केलेल्या कृत्याबद्दल, मग ते हेतुपुरस्सर का असेना, अभियोक्त्यावर भरपाईचा दावा चालत नाही. हेच कवच अभिरक्षकाने मागितले, तेव्हा त्यास १९८४ मध्ये नकार मिळाला.

या नियमाच्या बाजूने जे म्हणतात ते हलके लेखण्यासारखे नाही. १९७६ चा तो खटला ज्याच्यावर झाला तो अभियोक्ता पाख्टमन हा मनुष्य वाईट नव्हता. देहान्ताची शिक्षा झालेल्या इंबलर याच्या बाजूचा नवा पुरावा हाती येताच त्याने स्वतः होऊन राज्यपालांस पत्र लिहिले. इंबलर पुढे सुटला, आणि त्याने दावा लावला तो याच पाख्टमनवर! असे दावे चालू लागले तर पुन्हा कोण असले पत्र लिहील, असा प्रश्न न्यायाधीशांनी केला, व तो खराच आहे. अभिरक्षकास कवच का नाही, याचेही उत्तर त्यांच्यापाशी आहे: तो एका माणसास बांधलेला असतो, आणि त्या माणसाचे त्याने वाटोळे केले तर इतर कोणाही वकिलाप्रमाणे त्याने जाब द्यावा. परंतु या दोन्ही युक्तिवादांची बेरीज काय होते हे पाहिले म्हणजे मन साशंक होते. ज्याच्या हाती थोडे आहे त्यास न्यायालय ओढते, आणि ज्याच्या हाती सर्व आहे त्यास त्याच्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वाधीन करते. फौजदारी खटला अथवा सनद रद्द होणे हे उपाय शिल्लक आहेत असे सांगतात. ते क्वचितच वापरले जातात. ज्या मर्यादेचा पहारेकरी मर्यादित व्यक्तीच आहे तिला आम्ही मर्यादा म्हणावयास तयार नाही.

आमच्याकडील अभियोक्ता इतका सत्ताधीश नाही. दोषारोपपत्र पोलीस पाठवितात, आरोप न्यायाधीश निश्चित करतो, आणि खटला मागे घ्यावयाचा तर न्यायालयाची संमती लागते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेतही हे कायम आहे. शिक्षेचा सौदा करण्याची मुभा २००६ पासून आहे, पण ती लहान अपराधांपुरती. येथील रोग वेगळा आहे. खटला काढून घेण्याच्या अर्जावर सही अभियोक्त्याची असते. इच्छा पुष्कळदा मंत्रालयाची. त्याने स्वतःची बुद्धी चालवावी असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे, यावरून ती किती वेळा चालत नसेल याचा अंदाज बांधता येतो.

आणि लोकांचे मत? महाभारतातील द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूने जो बोलला तो विकर्ण दुर्योधनाचाच भाऊ होता, त्याच घरचे अन्न खाणारा. कर्णाने त्यास पोरकट ठरवून गप्प बसविले. अभिरक्षकाचे स्थान नेमके असे आहे: आरोपी विचारतो, हा सरकारचा पगार खाणारा माझा कसा? आणि बाकीची सभा विचारते, हा आपल्यांतला असून त्यांचा कसा? २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात जिवंत पकडलेल्या आरोपीसाठी न्यायालयाने एका वकीलबाईंची नेमणूक केली तेव्हा, २००९ मध्ये, त्यांच्या घरावर दगड पडले. त्याच खटल्यातील सरकारी पक्षाच्या वकिलांस २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. ती त्यांच्या परिश्रमास मिळाली, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु दगड व पदक यांतील अंतर शासनाने ठरविलेले नव्हते, ते आम्ही सुशिक्षितांनीही मनोमन मान्य केले होते. अमेरिकेतही अभियोक्तेपणावरून राज्यपालपदास चढण्याचा जिना जुना आहे. संघराज्याचे अभिरक्षक म्हणून काम केलेली पहिली व्यक्ती, केतांजी ब्राऊन जॅक्सन, सर्वोच्च न्यायालयात पोहोचण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

आमच्या लोक अभिरक्षकांस खासगी वकिली करण्याची मुभा नाही, आणि त्यांची नेमणूक ठराविक मुदतीच्या कराराने होते. ज्यास मुदत वाढवून मिळावयाची आहे तो किती निर्भयपणे भांडेल, हे योजना आखणाऱ्यांनी पाहावयास हवे होते. दुसरी उणीव अधिक ठळक आहे. अभियोक्त्याच्या पाठीशी सारे पोलीस खाते असते. थॉम्पसनला वाचविणारा रक्तगटाचा कागद कोणा वकिलाच्या वक्तृत्वाने सापडला नव्हता; बचाव पक्षाने लावलेल्या तपासनीसाने तो प्रयोगशाळेच्या जुन्या दप्तरातून उकरून काढला होता. आमच्या योजनेत वकिलांची तरतूद आहे, कारकुनांची आहे, शिपायांचीही आहे, तपासनीसाची नाही.