पाहुण्याचा नेम

किनवटच्या डोंगरात पायी हिंडायला निघालेली आमच्या कॉलेजची मुलं आधी माझ्याकडे येतात. संस्कृतच्या बाईंचं ट्रेकिंगशी काय देणंघेणं, असं नव्या प्राध्यापकांना वाटतं. पण त्या वाटांवर मी या मुलांच्या जन्माआधीपासून चालते आहे आणि तिथल्या काही घरांत मला नावानं ओळखतात. मुलांना विचारायचं असतं ते वेगळंच. गाडी कुठं लावायची, नेटवर्क कुठवर आहे, इस्लापूरहून सहस्रकुंडचा धबधबा बघून त्याच दिवशी आतल्या गुड्यावर, म्हणजे वस्तीवर, पोचता येईल का. मी म्हणते, आधी गावात निरोप धाडा. मग कुणीतरी टोकतोच, ‘मॅडम, आपल्याकडे अतिथीला देव मानतात. देवानं कशाला परवानगी काढायची?’

मुलगा चेष्टेनं विचारतो, पण प्रश्नात दम आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत हा उपदेश येतो. शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य चार गोष्टी सांगतात, त्यांतली ही एक. तू आता संसाराला लागशील, दारात कुणी आलं तर त्याला देव समज. सांगणं आहे ते यजमानाला. पाहुण्यानं ते वाचून स्वतःला देव समजावं, असं त्यात कुठंही नाही. पुढं पर्यटन खात्यानं ते वाक्य जाहिरातींत घेतलं, तेव्हाही त्याचा रोख रिक्षावाल्याकडे, गाइडकडे, हॉटेलवाल्याकडेच होता. मनावर मात्र घेतलं ते पाहुण्यांनी.

कठोपनिषदातला नचिकेत मला यासाठीच आवडतो. यम घरी नाही, म्हणून पोरगं तीन रात्री उपाशी राहिलं. आल्यावर यमच ओशाळला. देव समजला गेलेला हा पाहुणा तोवर काही मागत नव्हता.

पाहुण्याचा धर्म शोधायचा तर गृहस्थाची पानं उलटून संन्याशाच्या पानांवर जावं लागतं. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात यतीनं भिक्षेला कधी निघावं ते दिलं आहे. गावातल्या चुलींचा धूर विरल्यावर. मुसळाचा आवाज थांबल्यावर, निखारे विझल्यावर, घरच्यांची जेवणं होऊन भांडी आवरली गेल्यावर. तेही दिवसातून एकदाच. म्हणजे त्याच्यामुळं कुणाचा घास कमी होणार नाही, कुठल्या बाईला पुन्हा चूल पेटवावी लागणार नाही. तो स्वतःच्या भुकेच्या वेळी येत नाही, गावाच्या सवडीनं येतो.

या पुस्तकाचा दाखला देताना माझी जीभ जड होते, हेही सांगते. महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी ते जाळलं गेलं ते रास्तच होतं, असं मी वर्गातही म्हणते. शिवाय त्याच पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात काही जातींनी गावाबाहेर, मसणवटीत आणि डोंगरात राहावं, असं फर्मान आहे. माणसांना डोंगरात लोटायचं आणि शेकडो वर्षांनी त्याच डोंगरात ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ दोन दिवस काढायला जायचं, हा आपला उद्योग. तरीही सहाव्या अध्यायातला तो एक नियम मला सोडवत नाही. चांगली गोष्ट वाईट घरात सापडली म्हणून टाकून का द्यावी?

आणि किनवटशेजारचं माहूर तर हिंडणाऱ्यांचंच क्षेत्र. दत्तात्रेय काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि माहूरला निजायला येतात, असं आपल्याकडे आजीपासून नातवापर्यंत सगळे सांगतात. देवच भिक्षा मागतो, तिथं भक्ताची काय कथा! महानुभावांच्या पंचकृष्णांतही दत्तात्रेय आहेत. चक्रधरांनी आपल्या माणसांना फिरायला सांगितलं, पण नेमानं: घर निवडायचं नाही, चवीचं मागायचं नाही. पंढरीच्या वाटेवरचा वारकरी माळ घालतो ती निघण्याआधी. किनवटचे गोंड लोक पौषात केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला जातात. तिथले मेश्राम घराण्याचे लोक देवासाठी पाणी आणायला अनवाणी गोदावरीपर्यंत चालतात. या सगळ्यांत चालणारा आधी स्वतःला बांधून घेतो. आपला ट्रेकर पाठीवर सॅक बांधतो, बुटाच्या नाड्या बांधतो, स्वतःला मोकळा ठेवतो आणि नेम पाळायचं काम ज्यांच्या गावात जातो त्यांच्यावर सोपवतो. त्यांनी हसतमुख असावं, पोरं गोड असावीत, भाकरी गरम असावी. माझं भांडण आहे ते एवढंच.

आता प्रत्यक्ष गावात जाऊ. किनवट 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. डोंगर तोच, माणसं तीच, मधून राज्याची रेघ गेली. गोंड, कोलाम, परधान, आंध यांची गावं आणि बंजाऱ्यांचे तांडे एकमेकांना लागून आहेत. गोंडी, कोलामी, गोरमाटी, तेलुगू आणि मराठी एकाच आठवडी बाजारात ऐकू येतात. त्यांतले कोलाम संख्येनं थोडे. राज्यात ज्या तीन जमातींना सरकार विशेष असुरक्षित मानतं, त्यांत ते, कातकरी आणि माडिया. त्यांची वस्ती म्हणजे पोड. बांबूच्या कामट्यांचे कुड, वरून माती-शेणाचा गिलावा, स्वच्छ सारवलेलं अंगण आणि मधोमध चावडी. ही चावडी बाहेरच्या माणसाला नुसता निवारा वाटते. पावसाची सर आली की चिखलाच्या बुटांनिशी टोळकं आत घुसतं आणि ओले रेनकोट खांबाला टांगतं. पोडातले लोक बैठकीला तिथंच जमतात, देवाचं कार्यही तिथंच करतात आणि पायताण बाहेर काढतात. नांदेडात हुजूर साहिबला हीच मुलं डोक्याला रुमाल बांधतात, जोडे ठेवतात, लंगरमध्ये जेवून ताट स्वतः नेऊन देतात. एकही कुरकुरत नाही. तिथं कळस दिसतो, सोनं दिसतं. इथं कूड दिसतो, म्हणून इथं काही पवित्र असेल हे डोक्यात येत नाही. श्रद्धेचा मान आपण बांधकाम बघून ठरवतो की काय, हा प्रश्न मी मुलांना विचारते. त्यांना तो आवडत नाही.

कोलामांची गावबांधणी असते. गावाच्या शिवेची पूजा करून रोगराई, आपदा बाहेर ठेवायची. ती चालू असताना बाहेरच्याला आत घेत नाहीत, आतला बाहेर जात नाही. डोंगर चढून आलेल्याला कुणी सांगितलं की आज गाव बांधलंय, परत जा, तर त्यानं परत जावं. रेणुकेच्या देवळात गाभाऱ्यावर पडदा पडला तर आपण भांडतो का? दर्शन हे बघणाऱ्याच्या हक्काचं नाही, ते दिलं तर घडतं, एवढं आपल्या परंपरेला चांगलं ठाऊक आहे. मग माणसाच्या दारात ते का विसरायचं?

आणि या कोलामांपुढं कोण नमतं बघा. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ 1940 च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहिला. त्यानं लिहून ठेवलंय की गोंड लोक त्या भूमीच्या देवांसाठी कोलामाला पुजारी म्हणून बोलावतात, कारण कोलाम इथले अधिक जुने. गोंड म्हणजे चांद्याला गादी असलेले लोक! ज्यांनी राज्य केलं तेही म्हणतात, जमिनीच्या देवाशी बोलायचं तर कोलामाला पुढं करा. यापुढं त्या चेष्टेखोर मुलाच्या परवानगीच्या प्रश्नाला वेगळं उत्तर काय द्यायचं? कायद्याचंही आहेच. किनवटची बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात येतात आणि 1996 च्या पेसा कायद्यानं रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. पण कायद्याच्या धाकानं वाकणाऱ्या पाहुण्यात मला फारसा रस नाही.

गोंडांनी पाहुणचाराचं शास्त्र आपल्यापेक्षा बारकाईनं रचलंय. दिवाळीच्या सुमाराला दंडारीचे, म्हणजे नाचणाऱ्यांचे, ताफे निघतात. त्यांतले घुसाडी नर्तक अंगाला राख फासतात, डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप चढवतात. त्या दिवसांत ते आंघोळ करत नाहीत, कारण देव अंगावर असतो. ताफा एका गावातून दुसऱ्या गावात जातो. यजमान गाव सामोरं येतं, मुक्काम होतो, नाच होतो, जेवणं होतात, आणि पुढं कधीतरी त्या गावाचा ताफा या गावात येतो. पाहुणा हा उद्याचा यजमान. ज्याला परतफेड करायची नाही, तो त्या हिशेबात बसतच नाही. या घुसाडी नाचासाठी मारलवाईच्या कनक राजूंना 2021 ची पद्मश्री मिळाली, तेव्हापासून आमच्याकडेही त्या पिसांचं नाव झालं. नाव झालं की कॅमेरे आले. टोपातलं पीस ओढून सेल्फी घेणारा मी पाहिलाय. नाचणारा काही बोलला नाही.

बघ्यांविषयी मी जरा कडवट आहे, त्याला कारण आहे. माझं माहेर औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती बुडवून लोक निजले होते, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला. किल्लारीकडची आमची सोयरी त्या दगडमातीच्या भिंतींखाली गेली. देशभरातून मदत आली, ते ऋण फिटणारं नाही. पण मदतीच्या गाड्यांमागून नुसती बघायला आलेलीही माणसं होती. ढिगाऱ्यापाशी उभं राहून एकानं माझ्या चुलत्यांना विचारलं होतं, ‘सगळ्यात जास्त पडलंय ते कोणत्या बाजूला?’ चुलत्यांनी हात करून दिशा दाखवली. आल्यागेल्याला वाट दाखवायची सवय हाताला होती, दुसरं काय. त्या हाताची मला आठवण येते ती किनवटला, एखादा म्हातारा ट्रेकरना आपल्या घराचा फोटो काढू देतो तेव्हा. नाही म्हणता आलं नाही, याला आपण होकार धरतो.

मुलांमधले व्यवहारी म्हणतात, मॅडम, पैसे देऊ की. जरूर द्या. देवपणाचा आव आणण्यापेक्षा भाकरीचे, वाटाड्याचे, रात्री टेकायच्या जागेचे रोख पैसे देणं कितीतरी सचोटीचं. पण पैशानं काय विकत मिळतं ते नीट समजून घ्यावं. अंगणातली कोंबडी दाखवून ‘ही किती?’ म्हणायचं आणि ती नेमकी नवसाची निघायची. बाई ‘नाही’ म्हणते, पाहुणे भाव वाढवतात, तिला वाटतं आता कसं सांगावं. मक्याचं कणीस तोडायचं, पण नवं पीक देवाला चढवल्याशिवाय त्या घरात कुणी तोंडात घालत नाही, हे विचारायचं सुचत नाही. आणि पाणी! 2016 साली मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आलेल्या लातूरच्या पोरांनी दुसऱ्याच्या हातपंपावर बूट धुवावेत, हे बघून मात्र मी सरळ ओरडते. तिथं तत्त्वज्ञान वगैरे काही नाही.

मग जाऊच नये का? काही ठिकाणी, हो, जाऊच नये. अंदमानात जारवा आदिवासींना बघायला रस्त्यावरून पर्यटकांच्या गाड्या जायच्या, त्यावर सर्वोच्च न्यायालयाला 2013 मध्ये आदेश काढावा लागला. पण किनवटचा गोंड काही जगापासून तुटलेला नाही. त्याचा कापूस बाजारात येतो, त्याची मुलगी नांदेडच्या वसतिगृहात राहते, त्याच्या मोबाइलवर आपल्याच मोबाइलवरची गाणी असतात. आपण न जाण्यानं तो सुखी होईल, असं मानणं म्हणजे त्याला काचेच्या कपाटात ठेवणं झालं. शिवाय ‘आम्ही तुम्हाला त्रास देणार नाही’ हा निर्णयही त्याला न विचारताच घेतलेला. जावं. सोयाबीनच्या खुरपणीत नव्हे, कापूस वेचणीत नव्हे. चुलीचा धूर विरल्यावर. निरोप देऊन, आणि ‘नको’ आलं तर त्या वर्षी दुसरीकडे.

एका गुड्यावरच्या आजोबांनी मला पहिल्या ओळखीतच विचारलं होतं, ‘बाई, आमी तुमच्या गावाला आलो तर कुटं बसवता?’ पाहुण्याची पारख करायचा त्यांच्याकडचा तो सरळ प्रश्न. मी पत्ता लिहून दिला. पुढं ते डोळे तपासायला नातवाबरोबर नांदेडला आले आणि खरंच घरी आले. फाटकापाशी थांबले, हाक मारली, आत बोलावल्यावर चपला कुठं काढायच्या ते विचारलं. दुपारचं जेवण उरकून आम्ही चहा घेत होतो. समोरच्या वहिनी साखर मागायला आल्या, दोघांकडे बघितलं आणि मला विचारलं, ‘हे ते मोराची पिसं घालून नाचतात ना? आत्ता थोडं दाखवतील का हो?’

मला काही सुचेना. आजोबा हसले. म्हणाले, ‘दिवाळीत या की वयनी. पर तितं नुस्तं बगायचं नसतंय. पाव्हण्याला बी नाचावं लागतंय.’

वहिनींनी तारीख विचारून घेतली. दिवाळीत त्या लेकीकडे पुण्याला गेल्या.